स्पिरिटचा वास

१४ ऑक्टोबर, सोमवार, दुपार

चि. बारक्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. पन्नाशीच्या माणसाला बारक्या म्हणू नये, पण दुसरं काही लिहायला हात तयार नाही. माझे गुडघे तसेच आहेत. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर बोलतात.

शनिवारी तू नळ नीट करून गेलास, तो अजून गळलेला नाही. वॉशर बदललास, सांडलेलं पाणी स्वतःच पुसलंस, चहा घेतलास. दारात चपला घालताना म्हणालास, "ताई, तू नसतीस तर माझ्या बिट्टीचं काही झालं नसतं." तू गेल्यावर मी तुझा कप दोनदा घासला आणि मग केराच्या टोपलीत टाकला. किळस तुझी नव्हती रे. तो कप ज्या हाताने तुझ्यापुढे ठेवला, त्या हाताची होती.

काल बिट्टीच्या आईने किल्लीचं सांगितलं. तू मला शनिवारी अवाक्षर बोलला नाहीस. शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या, नळ्या, दिवे धुतलेस. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यातली सतरा वर्षं तुझ्या कमरेला होती. बिट्टीची फी भरणाऱ्या संस्थेची ती चकचकीत पुस्तिका कुणीतरी मुख्याध्यापिकेच्या टेबलावर नेऊन ठेवली. 'व्यसनाच्या सावलीतून विज्ञानाकडे'. आत बिट्टीचा फोटो आणि कोपऱ्यात अर्धा कापलेला तू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तात्पुरती द्या, लोक बोलतात." तू किल्ली काढून दिलीस, आणि कपाटातल्या बाटल्या मोजून घ्या म्हणालास.

जूनमधली ती दुपार तू विसरला नसशील. घर बघायला संस्थेच्या बाई येणार म्हणून आपण कपडे धुण्याचं यंत्र शेजारच्या शिंपिणीकडे सरकवलं. "गरिबी भलतीच जड असते हो, चौघांनी उचलावी लागली," असं ती म्हणाली आणि आपण सगळे हसलो. बाई आल्या. खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्या. पिठाच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. न्हाणीघराचा फोटो काढला. त्यांच्या अत्तराचा वास खोलीत नुसता बसून राहिला होता. तू कामावरून थेट आलेलास, शर्ट बदलायला वेळ नव्हता. त्यांनी कागद वाचला, नाक थोडं वर केलं आणि म्हणाल्या, "वडील दारू पितात असं हिने लिहिलंय. वास येतोच आहे."

तू, खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून पिणारा. तू बिट्टीकडे पाहिलंस. तिने जमिनीकडे पाहिलं. आणि तू म्हणालास, "सोडली मॅडम, दोन महिने झाले. काल चुकून झाली. आता नाही."

मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकत. एक वाक्य पुरलं असतं: दिवसभर दिव्यांमध्ये स्पिरिट भरतो हो हा, म्हणून वास येतो. मी ट्रे घेऊन बाहेर आले आणि बाईंना विचारलं, "साखर किती?"

आता ते लिहिते, ज्यासाठी चार महिने कागद पुढे ओढून पुन्हा मागे सारला.

बिट्टीने ते लिहिलं नाही. मी लिहिलं.

मदतीच्या अर्जासोबतचा पहिला निबंध खरा होता. तिने सांगितला, मी फक्त इंग्रजीत उतरवला. तो पाठवला आणि दोन दिवसांनी संस्थेच्या कारकुनाचा फोन. "बाई, यात अडचण कुठे आहे? वडील नोकरीत, निर्व्यसनी, मुलगी हुशार. अशा फायलींचा ढीग आहे माझ्याकडे. काहीतरी उठून दिसायला नको का? परवापर्यंत दुसरा पाठवा." परगावच्या विद्यापीठातल्या चाळीस जागांपैकी एक पोरीने स्वतःच्या डोक्याने मिळवली होती. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि दार बंद होत होतं ते फीवरून. मी विमा कार्यालयात एकतीस वर्षं लोकांच्या दुःखाच्या फायली वाचल्या. कोणत्या शब्दाने सही होते आणि कोणत्या शब्दाने कागद परत जातो, हे मला झोपेतही कळतं. तुमच्याच घरी विचार करत बसले होते, तेवढ्यात तू कामावरून येऊन शर्ट खुंटीला लावलास. वास आला. आणि मला सुचलं.

इतकं सहज सुचलं, बारक्या. मी तुझे थरथरणारे हात लिहिले. फेकलेलं ताट लिहिलं. रात्री दाराला कडी लावून अभ्यास करणारी मुलगी लिहिली. एकही खाडाखोड न करता, शाळेत बक्षीस मिळायचं त्या वळणदार अक्षरात. लिहून झाल्यावर मला छान वाटलं होतं. हेही सांगूनच टाकते, कारण सगळ्यात जास्त शिसारी मला त्याचीच येते.

बिट्टीने वाचला आणि म्हणाली, "आत्या, हे खोड. बाबा असे नाहीत." मी म्हटलं, "कागदावरचं कागदावर राहतं. सही कर, आणि ते घर बघायला येतील तेव्हा तोंड उघडू नकोस." ती रडत सही करून गेली. ती गप्प राहिली ती माझ्या धाकाने. आणि तुला वाटलं, पोटच्या पोरीने फीसाठी बापाला दारुड्या केलं.

स्टेशनवर तू तिची ट्रंक वर चढवलीस आणि डोक्यावर हात न ठेवता उतरलास. मी बाजूला उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

दर रविवारी ती फोन करते, तू गॅलरीत जातोस. मग ती मला करते. "आत्या, बाबांना सांगितलंस?" मी म्हणते, "बघते, वेळ बघून." काल तिने विचारलं नाही. उगाच जेवणाचं, खोलीतल्या मैत्रिणीचं बोलली. मग म्हणाली, "शुक्रवारी आमच्याकडून दिवा पेटवून घेतला. स्पिरिटचा वास आला आणि मला बाहेर जावं लागलं. सर म्हणाले, सवय होईल. मी म्हटलं, सवय आहे." एवढं बोलून फोन ठेवला. लगेच बिट्टीच्या आईचा फोन, किल्लीचा.

तुला आठवतं, माझ्या शाळेचे निळे मोजे तू वाळत घालायचास? कॉन्व्हेंटच्या सिस्टर मोज्यांवरच्या डागासाठी बाहेर उभं करायच्या म्हणून. माझी फी भरायची म्हणून वडिलांनी तुला मोफत शाळेत घातलं, आणि पुढे सायन्सला जागा मिळूनही पाठवलं नाही. तू माझी पुस्तकं पायरीवर बसून उलटी धरून चित्रं बघायचास आणि विचारायचास, "ताई, ही ज्योत निळी का?" मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणायचे, "गप्प बस, अभ्यास करू दे." जी भाषा मी तेव्हा तुझ्या वाटणीच्या पैशांतून शिकले, त्याच भाषेत तुला दारुड्या केलं.

आज सकाळी तुझ्या शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिकेसमोर बसून सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. त्यांनी पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "किल्लीचं बघते." बघतील की नाही, मला ठाऊक नाही. तिथूनच संस्थेला पत्र टाकलं: मजकूर खोटा आहे, तो माझा आहे, मुलीला सही करायला मी भाग पाडलं. ते मदत बंद करतील असं मी धरून चालले आहे. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे ठेवलेले आहेत, त्यात दोन वर्षं निघतील. गुडघे थांबतील. पुढचं मला माहीत नाही, आणि या वेळी माहीत असल्याचं सोंग करणार नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. शनिवारी येऊ नकोस, नळ गळला तर गळू दे. पण येत्या रविवारी फोन वाजला की गॅलरीत जाऊ नकोस.

सोबत पहिला निबंध आहे, तिने सांगितला तसा, आपल्या भाषेत. एक शब्दही माझा नाही. त्यात तिने म्हटलंय की घरी आणलेल्या तडकलेल्या परीक्षानळीत पाणी उकळून दाखवताना बाबांनी सांगितलं, ज्योतीचा तळ निळा का असतो. तू हे कधी आणि कुठून शिकलास, मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

तुझ्या वाटणीची शाळा शिकलेली,
ताई