मीराचं चुकीचं मराठी

मंगळवार संध्याकाळ, जर्सी सिटी

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. आवाज मात्र माझ्या लेकीचा, मीराचाच. "आई, मी अडकले आहे. तुझ्या फोनवर कोड आलाय, तो सांग." सांगणारच होते, पण ते 'अडकले' खटकलं. इथे वाढलेली मीरा बाबांचं ऐकून 'अडकलो'च म्हणते. एवढं शुद्ध मराठी हिला कधीपासून? फोन ठेवून दिला.

आत्ता ती घरी आली. "आई, मी आलो." तिने फोन केलाच नव्हता; तो आवाज कुणीतरी मशीनवर केलेली तिची नक्कल होती. 'आलो नाही, आले', हे नेहमीचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ओट्यावर तो बोलका स्पीकर आहे. तो काय काय ऐकतो, कुणाला सांगतो, कोण जाणे.

मी गप्प बसले. 'आलो' ही चूक आहे, आणि तीच माझ्या लेकीची खूण, हे त्याला कळायला नको.