पॅलेडियम जागेवरच होतं

अण्णा, आज मी पॅलेडियम पाहिलं. तुम्ही वीस वर्षं ते हाताळलं, पण तुम्हाला ते कधी दिसलं नाही. दिसायची ती नुसती कोळशाची पूड, काजळीसारखी बारीक. तिच्यात सोन्याच्या तोडीचा धातू आहे, हे साहेबांनी सांगितलं म्हणून तुम्ही मानलं.

चिकलठाण्याच्या औषधाच्या कारखान्यात तुम्ही हायड्रोजनच्या भांड्यावर होता. भांड्यात वायूची क्रिया ही पूड घडवून आणायची; औषध तयार झालं की ती गाळून घ्यायची, पुन्हा वापरायची. ती कोरडी पडू द्यायची नाही, वाळली की आपोआप पेट घेते. ही शिस्त तुमच्याबरोबर घरी आली. अजून डोळ्यांसमोर आहे: आई चुलीतली गार राख उचलते आणि तुम्ही त्या राखेवर तांब्याभर पाणी ओतता. आई म्हणते, "राखंला बी न्हाऊ घालता व्हय? आता कुंकू लावा तिला." तुम्ही हसत नाही. "कोरड्याचा भरवसा नाय," एवढंच म्हणता.

मी बारावीत असताना ती पूड काम करेनाशी झाली. भांड्यात वायू सोडला तरी औषध होईना. साहेब म्हणाले, कोणीतरी धातूची पूड लांबवली आणि साधा कोळसा भरला. पूड तुमच्या ताब्यात असायची. फाटकावर तुमचा जेवणाचा डबा उघडला, चपला उलट्या करून पाहिल्या. चौकशीत तुम्ही एकच सांगत राहिलात, "धातू कुठंच गेला नाय साहेब. पावडरीतच हाय. दमलाय." सगळे हसले, हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत. सिद्ध काही झालं नाही. पूड तपासायलाही कोणी पाठवली नाही. तुम्हाला पिंपं धुवायला घातलं, ते निवृत्त होईपर्यंत.

मी पुढे मराठी शिकवलं. शेजारची मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करते. तिच्या प्रबंधाचा मराठी सारांश मी तपासत होते. एका वाक्यापाशी अडले, म्हणाले, अर्थ कळल्याशिवाय मला हे दुरुस्त करता येणार नाही. तिनं संगणकावर चित्र उघडलं. करडं धुकं आणि त्यात पांढरे ठिपके. धुकं म्हणजे कार्बन, ठिपके म्हणजे धातूचे कण. केसाच्या जाडीत असे हजारो ओळीनं बसतील.

"हे पडत कसे नाहीत?" मी विचारलं.

"मावशी, कार्बन जिथं अगदी नीट विणलेला असतो ना, तिथं ते टिकतच नाहीत. घसरतात. जिथं एखादा अणू गळालाय, कडा फाटलीय, ऑक्सिजन येऊन बसलाय, तिथं धरून राहतात."

मी बराच वेळ पाहत राहिले. ज्याला आपण खोट म्हणू, त्याच जागी हा मौल्यवान धातू हात टेकून उभा होता. तुमच्या घमेल्यात असे किती कण होते, आणि प्रत्येकाला धरून ठेवणारी अशी एक जागा.

मग तिनं दुसरं चित्र लावलं. तीच पूड, पुष्कळदा वापरलेली. ठिपके कमी आणि मोठे. तापत राहिलं की कण जागा सोडतात, सरकतात, एकमेकांत मिसळून गोळा होतात, ती म्हणाली. आतले अणू आतच राहतात, वायू त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

"आणि वजन?"

"वजन तेवढंच. जाणार कुठं? सगळं इथंच आहे की."

तुमच्या पुडीचं नेमकं हेच झालं होतं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पूड निकामी व्हायला आणखीही कारणं असतात, असं ती म्हणाली. पण ‘दमलाय’ हा तुमचा एक शब्द खरा असू शकतो, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. डोळ्यांना कधी न दिसलेल्या गोष्टीबद्दल तुम्ही तो कसा उच्चारलात, ते मला अजून कळत नाही. रोज हात लावून कळलं असेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून पुढचं लिहिता येतंय. चौकशीच्या संध्याकाळी ओट्याजवळ हात धुता धुता तुम्ही विचारलंत, "तुला काय वाटतं, बाई?" मी पोळी लाटत होते. "तुम्ही असं करणारच नाही," मी म्हणाले, मान वर न करता. त्याच आठवड्यात तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलं होतं. मला वाटत होतं की ते पॅलेडियम तुम्हीच लांबवलंय, आणि माझ्यासाठी लांबवलंय. त्या विचारानं मला, अण्णा, थोडं बरंही वाटलं होतं.