एक जूनची पत्रिका

१७ नोव्हेंबर १९९६

पाहून गेले एकदाचे! घोटीची मंडळी. मुलगा ज्ञानेश, एस.टी.त कारकून, कानाशी केस थोडे पिकलेले. मी शाळेत इतिहास शिकवते म्हटल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला— एक जूनला काय झालं होतं? शाळेच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी लिहिते, मला काय विचारतो! म्हटलं, "पहिली एस.टी. सुटली, पुण्याहून नगरला. आणि मी जन्मले." सगळे हसले. त्याचं हसू सगळ्यांत उशिरा थांबलं.

आवडला. लिहूनच टाकते— आवडला.

२४ नोव्हेंबर

नकार. हिरामणमामा सांगत आला. छत्तीसात नऊच गुण जुळले. पत्रिकेशिवाय पाऊल उचलत नाहीत म्हणे ती माणसं.

पण माझी पत्रिका आली कुठून? आमच्या घरात कधी नव्हती. दादांना विचारलं, तर म्हणाले, लेकीचा शाळेचा दाखला नेऊन दिला भटजींना. दाखल्यावर एक जून! अहो, मखमलाबादच्या शाळेत आमचा निम्मा वर्ग एक जूनचा होता. आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून टाकून मोकळे. त्यावर भटजींनी ग्रह मांडले! आणि वेळ? सकाळची धरली म्हणे. धन्य ते भटजी आणि धन्य आमचे दादा!

एक जूनला शाळेला सुट्टी. म्हणजे तो खोटा दिवससुद्धा कधी फळ्यावर येत नाही.

२६ नोव्हेंबर

आज पोरींवर उगाच खेकसले. त्यांची काय चूक?

३ डिसेंबर

सकाळी फळ्यावर लिहिलं— १९७१, भारत-पाक युद्धाला सुरुवात. खडू हातातच राहिला. आई नेहमी म्हणते, तू अंधाराच्या लढाईतली. मला वाटायचं, मी सावळी म्हणून चिडवते! इतिहासाची बाई ना मी? डोक्यात उजेड पडायला पंचवीस वर्षं लागली.

शाळा सुटताच मळ्यात गेले. आई शेवंती तोडत होती. हात न थांबवता सांगत गेली. ओझरला विमानाचा कारखाना, म्हणून लढाईत रात्री उजेड झाकायची फार सक्ती. घमेल्याच्या आड कंदील ठेवून सुईण पुतळाबाईने तिला मोकळं केलं. मी पहिलं रडले, तोच शेजारच्या रेडिओवर सांगितलं, लढाई थांबली. "पुतळाबाईनं घमेलं सारलं न् म्हणली, बघ आता लेकीचं तोंड."

म्हटलं, एवढं ठाऊक होतं तर बोलली का नाहीस गं?

"इचारलं कुणी मला?"

ढाक्यात शरणागती सोळाला, पण लढाई थांबली सतरा डिसेंबरला, रात्री आठला. तारीख मिळाली, वेळही मिळाली! शेवंतीत उभी राहून रडले. आई म्हणाली, फुलं तुडवू नको.

८ डिसेंबर

नवी पत्रिका. अठ्ठावीस गुण! घोटीचा होकार आला. भटजींनी दक्षिणा दोनदा घेतली आणि चूक एकदाही कबूल केली नाही.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मन थाऱ्यावर नाही. माणूस तोच, मीही तीच. मग पंधरा दिवसांत बदललं काय?

१६ डिसेंबर

उद्या फळ्यावर काय लिहायचं ते ठरलंय. मोठ्या बाई ओरडतील. ओरडू देत!

१७ डिसेंबर, दुपार

१९०३— पहिलं विमान उडालं. १९७१— युद्ध थांबलं. त्याखाली बारीक अक्षरात— मोहिनीबाई जन्मल्या. पोरींनी टाळ्या पिटल्या. मोठ्या बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या.

१७ डिसेंबर, संध्याकाळ

शाळेच्या फाटकाशी ज्ञानेश उभा! हातात शेवंतीची वेणी— आमच्याच मळ्यातली असणार. मी विचारलं, तुमचा वाढदिवस कधी?

"एक जून."

मी हसले. तो हसला नाही. त्यालाही गुरुजींनीच दिलेली तारीख. पत्रिकाही तिच्यावरूनच. त्या दिवशी मला तोच प्रश्न का विचारला, ते आत्ता कळलं. म्हणाला, "मी रांगत होतो तेव्हाच आई गेली. विचारणार कुणाला?"

म्हणजे अठ्ठावीस गुण जुळले ते कुणाशी?

वेणी माळली. म्हटलं, "घरी बोलू नका."