लॉगची पहिली ओळ

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुमची शेवटची मेल मी आज वाचली. तेव्हाही उघडली होती, पण त्याला वाचणं म्हणायची लाज वाटते.

हिंदमाताच्या कापडबाजारात, साड्यांच्या एका दुकानाच्या वर तुमचा क्लास होता. चार कॉम्प्युटर, चारही लिनक्सवर, आणि खिडकीपाशी स्टोव्हवर चहा. माझा प्रोग्राम चालायला तयार होतानाच, म्हणजे बिल्ड होता होता, फसायचा, स्क्रीनवरून लॉगच्या शेकडो ओळी धावायच्या आणि मी शेवटच्या ‘एरर १’कडे बघत रडकुंडीला यायची. तुम्ही मागून यायचात, कप कीबोर्डशेजारी ठेवून म्हणायचात, “अगं, शेवटची ओळ नुसती बोंब मारते. आग कुठे लागली ते वर बघ. पहिली एरर काढ, बाकीच्या आपोआप जातात.” एकदा मी सगळा लॉग एका फाइलीत ढकलला आणि ती न उघडताच “बघितला” म्हणून सांगितलं. तेव्हा तुम्ही मला तो अख्खा लॉग वहीत हाताने उतरवायला लावलात. सोळा पानं. भयंकर राग आला होता तुमचा. पुढे त्याच सवयीवर मला नोकरी लागली, हे मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमची मेल आली तो सोमवार होता. क्लासच्या हजेरीचा तुमचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर बिल्ड होत नव्हता. “जरा बघशील का?” एवढंच, आणि सोबत लॉगची फाइल. मी फाइल उघडून सरळ तळाला गेले, ‘एरर १’ दिसली, आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं लिहून मोकळी झाले, “सर, जुन्या फाइली पुसून परत बिल्ड करा.” मोबाइलवर तुमचं उत्तर आलं, “बरं.” पुढच्या आठवड्यात कळलं, तुम्ही गेलात.

आज जुन्या मेल काढून टाकताना ती फाइल वरून वाचली. पहिली ओळ मशीनची नव्हतीच. ती तुम्ही टाइप केली होती. “बुधवारी परळला हार्टचं ऑपरेशन आहे. कोणाला बोललो नाही. जरा धाकधूक वाटते. त्याआधी एकदा येऊन जा, चहा घेऊ.” खाली पहिली एरर होती, प्रोग्रामला लागणारी एक लायब्ररी मशीनवर टाकायची राहिली होती. ती तुम्ही झोपेतसुद्धा ओळखली असती. तुम्हाला बिल्डचं काही पडलं नव्हतं, सर. तुम्ही घाबरला होतात, आणि मी वरून वाचेन याची तुम्हाला खात्री होती.

मी खूप रडले. मग ती लायब्ररी टाकली. दोन मिनिटांत प्रोग्राम सुरू झाला.

हे पत्र आता कुठे पाठवणार? पण एक गोष्ट राहिली. त्या मंगळवारी मी हिंदमातालाच होते, साखरपुड्याची साडी घ्यायला, तुमच्या खालच्याच दुकानात. जिन्याशी तुमच्या चपला दिसल्या होत्या. मी दोन तास साड्या बघितल्या आणि वर आले नाही.