फ्यूजच्या जागी तार

प्रिय मृत्युंजय,

उदगीरहून येशील तेव्हा दारात गाडी दिसणार नाही. चोरीला गेलेली नाही. ताट झाकून ठेवलंय. आधी जेव, कारण हे वाचल्यावर तू जेवणार नाहीस.

सकाळी तू लग्नाला गेलास आणि मी गाडी पुसायला घेतली. स्टिअरिंगखालचं झाकण लटकत होतं. आत एसीच्या पंख्याच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली दिसली. परवा तू हसत म्हणाला होतास, आता फ्यूज जाणारच न्हाई, बंदोबस्त केलाय. तो बंदोबस्त हा होता. उद्या याच गाडीतून तू नांदेडची सहा मुलं लातूरच्या क्लासला नेणार. मे महिना, काचा बंद, एसी पूर्ण सोडलेला.

कोपऱ्यावरच्या गुरुबसप्पांना बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगमध्येच त्यांचं वय गेलं. त्यांनी तार काढून मूळ आकड्याचा फ्यूज बसवला. पंखा एकवर चालला, चारवर नेताच फ्यूज गेला. म्हणाले, पंख्याची मोटर जाम झालीय, झेपत नाही म्हणून करंट जास्त ओढते. मग डॅशबोर्डखाली हात घालून वायरी ओढून दाखवल्या. वरचं प्लास्टिक वितळून दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या. फ्यूज जळून सांगत व्हता आक्का, तुमच्या पोरानं त्याचं तोंड बांधलं, म्हणाले. तुला वास कसा आला नाही रे? का मुलांच्या डब्यांचा वाटला? दिवसभर माझ्या नाकातून तो वास जात नाही. डोळे मिटले की मागच्या सीटवरच्या मुली दिसतात, दार उघडायला धडपडणाऱ्या.

तू तीन वर्षांचा होतास तेव्हाचं थोडं तुला ठाऊक आहे. भूकंपाच्या आधी वर्षभर आपल्या गावात बारीक धक्के बसायचे, मांडणीवरची भांडी वाजायची. सुरुवातीला सगळा गाव बाहेर झोपला. पुढं सवय झाली, लोक आत गेले. तुझे अप्पा तेवढे अंगणात झोपत राहिले. पारावरचे लोक विचारायचे, अण्णारावला भिंत चावती काय? भूकंप झाला तेव्हा आपण दोघं बिलोलीला माझ्या माहेरी होतो म्हणून वाचलो, एवढंच मी तुला सांगत आले.

एवढंच नव्हतं. लोक हसतात याची मला लाज वाटायची. माहेरून मी अप्पांना पत्र पाठवलं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, शेजारच्या तारामतीनं लिहून दिलं. आता धक्क्यांना कुणी भीत नाही, तुम्ही घरात झोपत जा, एवढाच मजकूर. त्यांनी माझं ऐकलं. दगडाच्या भिंतीखालून त्यांना काढायला दोन दिवस लागले. नंतर मी अक्षरं शिकले, हाती येईल ते वाचलं, पण पत्र कुणाला लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण समोर बोलले असते तर तू हसून मला गप्प केलं असतंस आणि मी गप्प बसले असते. गाडी गुरुबसप्पांकडे आहे, चावी माझ्या कमरेला. क्लासच्या सरांना फोन करून सांगितलंय, उद्या मुलं एस.टी.नं येतील. ते तुला कामावरून काढतो म्हणाले. काढू देत. चावी मागू नकोस, मी देणार नाही.

तुझीच,
भित्री आई