सताड उघडं फाटक

३ नोव्हेंबर १८८१, घोड्यावर.
भाषणाची सुरुवात जमली! "लोकर कापणाऱ्या बंधूंनो! सारा मुलूख मूठभर मेंढीमालकांनी तारांनी घेरला. तुम्हाला पाय टेकायला जागा नाही!" सोमवारी मुलूरा फार्मच्या शेडमध्ये बोलणार. बंधूंनी साथ दिली की पुढच्या वर्षी विधिमंडळात. सिडनीत बाबा हसले होते. बघतील.

४ नोव्हेंबर. ऊन.
वाटेत मुलूराचं फाटक सताड उघडं. काय हा निष्काळजीपणा! पण मी शत्रूच्याही मालाची काळजी घेतो. उतरून फाटक लावलं, वर तारेने करकचून बांधलं. मेंढ्या कृतज्ञतेने बघत होत्या. तेवढ्यात घोडा निघून गेला. उत्तमच. जनतेच्या माणसाने पायीच जावं.

६ नोव्हेंबर. मुलूरा.
पाय सोलले. स्वयंपाकीण ट्रेगिअरबाई म्हणाली, "अरे पोरा, असल्या बुटांत? नाचायला निघाला होतास की काय?" टाचेच्या तळाला चांदणीसारखा तारा कोरलाय, सिडनीची नवी फॅशन. तिला काय कळणार!

७ नोव्हेंबर.
शेड ठप्प. कुणीतरी फाटक लावलं, पिण्याचं तळं पलीकडे राहिलं. मेंढ्या तहानेने आडव्या. कापायला मेंढी नाही, म्हणजे मजुरी नाही. लोक भडकलेले. हीच संधी! पिंपावर चढलो. हा मालकाचाच कट, म्हणालो. त्या नराधमाला पुढे आणा! टाळ्या! आयुष्यातल्या पहिल्या!
मग मेंढ्या हाकणारा जेम ट्रेविन फाटकावरून परतला. माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "भाषणवाले, तिथल्या धुळीत ताऱ्यांचे ठसे आहेत. जरा टाच दाखवता?"
मी म्हणालो, विचार बघा, पाय काय बघता.
टाळी नाही.
ट्रेगिअरबाई म्हणाली, "अरे गाढवा, फाटक जसं दिसलं तसं सोडायचं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं!"
विधिमंडळाचं नंतर बघू.

८ नोव्हेंबर. फाटकापाशी.
सगळ्या मेंढ्या पाण्यावर पोचेपर्यंत मला इथेच उभं केलंय. (स्थानिक परिस्थितीचा अभ्यास.) एक उठेचना. हॅटमधून पाणी पाजलं. प्यायली, उठली, हॅटचा काठ खाऊन निघून गेली.
दुपारी एक गाडीवान आला. भला माणूस. खाली उतरला, फाटक लावायला हात घातला. तिथेच खांबावर चढलो आणि छाती फोडून ओरडलो:
"बंधू! उघडं दिसलंय ना? उघडंच सोडा!"