शीत दुसऱ्या पातेल्यातले

६ जानेवारी, सकाळ
आजपासून नियमित लेखन. आयुष्यभर परक्यांच्या फर्मचे हिशेब निर्दोष ठेवले. आता स्वतःचा व्यवसाय. माल : 'बारीक कॉफी'. पाकीट फोडा, गरम पाण्यात ढवळा, वजन घटवा. मायदेशातून आयात. या देशात खाण्यापिण्याच्या प्रत्येक वस्तूला सरकारी प्रयोगशाळेचे सर्टिफिकेट लागते. इतर आयातदार याला कटकट म्हणतात. मला शिस्त आवडते.
संकल्प : वर्षअखेरीस स्वतंत्र गोदाम. तोपर्यंत खोकी पलंगाखाली.
सौ. म्हणाली, "अहो, पलंगाखाली कॉफी, कपाटात कॉफी. मला कुठे ठेवायचं ते एकदा ठरवा आणि मलाही लेबल लावा." विनोदबुद्धी बरी आहे. दुर्लक्ष केले.

१४ जानेवारी
सँपल पाठवायचे होते. पुरवठादाराचा मायदेशातून फोन. म्हणाला, साहेब, बारीक कॉफीत आमचा खास अर्क आहे, फॉर्म्युला गुप्त, तो लॅबमध्ये कशाला उघडा पाडता? आमचीच साधी कॉफी आहे, ती पाठवा त्याच नावाने.
क्षणभर थांबलो. मग तर्कशुद्ध विचार केला. कारखाना तोच, साखर तीच, दूधपावडर तीच. शिवाय साधी कॉफी हा कनिष्ठ माल. कनिष्ठ माल पास झाला, तर श्रेष्ठ माल आपोआपच पास. शितावरून भाताची परीक्षा.
पाठवली. अर्क कशाचा, हे विचारायचे राहिले.

२ फेब्रुवारी
सर्टिफिकेट आले. एकही शेरा नाही. लॅमिनेट करून घेतले. यापुढे ब्रीफकेसमध्ये कायम.
मुलीला फोनवर (ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात) सर्व प्रक्रिया समजावून सांगितली. म्हणाली, "बाबा, अहो, शीत दुसऱ्याच पातेल्यातलं काढलंत की!" कॉमर्सला न गेल्याचे परिणाम.
पुरवठादारास अर्काविषयी विचारले. "जडीबुटी, साहेब, जडीबुटी." समाधान झाले.

९ फेब्रुवारी
कोपऱ्यावरची पार्लरवाली खोकी ठेवायला तयार आहे, पण म्हणते, आधी बारीक झालेलं माणूस दाखवा. रास्त मागणी. सौ.ची निवड केली.
ती म्हणाली, "पोट तुमचं पुढे आलंय आणि कॉफी मी प्यायची?" समजावले, की विक्रेत्याने स्वतःच्या मालाला हात लावू नये, हे व्यापाराचे मूलतत्त्व आहे. शिवाय मला चहा लागतो.
"बरं बाबा. तुमचा धंदा चालला म्हणजे झालं," म्हणाली आणि प्यायली. चव चांगली आहे म्हणाली. रोज दोन कप ठरवून दिले.

१ मार्च
अपेक्षेहून सरस! सौ.च्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरतात. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? जाहिरातीसाठी फोटो काढला. जरा हललेला आला. कॅमेरा स्टँडवर होता. हात हलत होता.
झोप कमी झाली आहे तिची. उजाडायच्या आत उठून खिडक्या पुसते. काल पुसलेल्याच आज पुन्हा. जाहिरातीत घालावे : 'दिवस मोठा होतो.'
सौ.ला पाहून पार्लरवालीने ठेवून घेतलेला माल संपला. आणखी पाठवला.

१७ मार्च, दुपार
जेवून आडवा झालो. कुठेतरी खिळे ठोकल्यासारखा आवाज, अखंड. शेजाऱ्याविरुद्ध तक्रारीचा मसुदा मनात जुळवला. मग लक्षात आले, की आवाज भिंतीतून नसून पलंगातून येतो आहे. शेजारी सौ. पडली होती. "छातीत धडधडतंय हो," म्हणाली.
हृदय जोमाने चालणे हे वाईट लक्षण कसे?
संध्याकाळी मुलीचा फोन. मध्येच म्हणाली, "बाबा, ती कपबशी कोणाची वाजतेय?" म्हणालो, आईची. मग म्हणाली, "उद्याच्या उद्या आईला डॉक्टरकडे न्या. गंमत करत नाहीये मी." आर्थिक वर्षअखेर आहे. एप्रिलमध्ये नेईन असे आश्वासन दिले.

२ एप्रिल
पार्लरवालीने सर्व खोकी जिन्यात आणून ठेवली. बारीक कॉफी घेणारी एक गिऱ्हाईक केस वाळवता वाळवता खुर्चीतच बेशुद्ध पडली म्हणे. मी शांतपणे सांगितले, ड्रायरची उष्णता. ती म्हणाली, "साहेब, ड्रायर अजून चालूच केला नव्हता." आणि माझ्याकडे न बघता खाली उतरली.
खोकी आता दिवाणखान्यात. बाहेरचा उजेड थोडा अडतो.
डॉक्टरचे राहिले.

५ एप्रिल
अन्नखात्याचा तपासनीस आला. सभ्य माणूस. सर्टिफिकेट उजेडाकडे धरून दोनदा वाचले; प्रभावित झाला असावा. पाकिटे घेतली, सील केली. मग विचारले, घरात हे कोण पितं? आतून सौ. म्हणाली, "मी." ती दारात आली. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मी चहा पुढे केला. घेतला नाही.
जाताना म्हणाला, निकाल लागेपर्यंत विकू नका. आणि पिऊही नका.
विक्री स्थगित केली. पिण्याबाबतची सूचना मात्र तोंडी होती, आणि तोंडी सूचना बंधनकारक नसते. शिवाय आत्ताच थांबायचे, म्हणजे आपल्याच मालावर आपणच संशय घेतल्यासारखे.
सौ.ने कप हातात धरून विचारले, "घेऊ ना?"
म्हणालो, घे.

११ एप्रिल, सकाळ
सौ. स्वयंपाकघरात पडली. कप फुटला. ॲम्ब्युलन्स बोलावली. ब्रीफकेस बरोबर घेतली.

११ एप्रिल, दुपार
डॉक्टरीणबाईंनी विचारले, काय काय घेत होत्या? सर्टिफिकेट पुढे केले. त्यांनी वाचले. कॉफी, साखर, दूधपावडर. म्हणाल्या, म्हणजे हे कॉफीमुळे नाही. मग हे इंजेक्शन देता येईल. पण कॉफीत एखादं औषध मिसळलेलं असेल, तर हेच इंजेक्शन जिवावर बेतेल. "नक्की ना?"
म्हणालो, कागद अधिकृत आहे.
"कागदाचं नाही विचारलं. तुम्हीही हीच पिता?"
म्हणालो, अर्थातच.
सौ. मास्कच्या वरून माझ्याकडे पाहत होती.
डॉक्टरीणबाईंनी नर्सकडून गरम पाणी मागवले. नमुन्याचे पाकीट ब्रीफकेसमध्ये होतेच. म्हणाल्या, घ्या तर मग, माझ्यासमोर.
पाकीट फोडले. सूचनेप्रमाणे ढवळले. वास साध्या कॉफीसारखाच. नर्स सिरिंज भरून उभी. कप उचलला. बशी वाजू लागली. माझ्या हातात. मी आजवर यातला एक थेंब घेतलेला नाही. बशी वाजण्याचे काहीच कारण नव्हते.
कप खाली ठेवला. म्हणालो, ते सर्टिफिकेट या कॉफीचे नाही.
नर्सने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.
"मग यात आहे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.
म्हणालो, माहीत नाही.
यंत्राचा आवाज तेवढा, खिळे ठोकल्यासारखा. मग सौ.ने मास्क थोडा बाजूला केला आणि नर्सला म्हणाली, "त्यांना चहा लागतो."